टाच टेकत नाही

टेनिस हा साहेबाचा खेळ, असं सगळे म्हणायचे. म्हणोत बापडे. बेळगावच्या कॅम्पातल्या त्या क्लबात रॅकेटी विलायतेच्या होत्या, चेंडू विलायतेचे होते, पण जमीन मात्र कंग्राळीच्या म्हशींच्या शेणाची होती. तिथल्या पावसात हिरवळ कुजायची आणि उन्हाळ्यात जळून जायची. म्हणून चारही कोर्टं तांबड्या मातीची केलेली आणि वरून शेणानं सारवलेली. सारवायचं काम बाळाबाईचं. पाऊस उघडला की ऑक्टोबरापासून मेअखेरपर्यंत रोज पहाटे, गुडघ्यावर बसून, हातानं. सामने जिंकणाऱ्यांची नावं तिथं पुष्कळांना पाठ होती. त्यांचे पाय ज्या जमिनीवर शाबूत राहिले ती जमीन कुणाच्या हातची, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

एकोणीसशे अठरात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली आणि बाळाबाईचा नवरा आणि आई एकाच आठवड्यात गेली. ती बावीस वर्षांची, आणि पदरात आठ वर्षांचा धाकटा भाऊ रवळू. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती क्लबात आली ती तिथलीच झाली. कामाला मात्र भारी चिकट. पेंड खाणाऱ्या म्हशीचं शेण तिला चालायचं नाही, चाऱ्यावरच्याच म्हशीचं हवं. माती दोनदा चाळलेली हवी. हात एकाच दिशेनं फिरवायचा, म्हणजे मध्ये वरंबा उठत नाही. थर पातळ द्यायचा. जाड दिला की वाळल्यावर पापुद्रे सुटतात, आणि पळत्या माणसाचा पाय पापुद्र्यावरून सरकला की गुडघा गेलाच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन-तीन माणसं पडलेली बघून ती शिकली होती.

आणखी एक गोष्ट ती आपोआप शिकली. सारवायच्या आधी कालचा सगळा खेळ तिच्यापुढं जमिनीवर पडलेला असायचा. कोण कुठं थांबला, कुठनं पळाला, कुणी कुठल्या पायावर भार दिला, सगळं. जज्जसाहेब डावा पाय फरफटवायचे. कलेक्टराची मडम टाचेवर गिरकी घ्यायची आणि तिथं खड्डा पाडायची, त्याबद्दल बाळाबाई तिला मनातल्या मनात शिव्या द्यायची. एके सकाळी ती नागोजीला म्हणाली, "जज्जसायबाचा डावा गुडघा कुरकुरायलाय बघ."

नागोजी म्हणजे क्लबाचा मार्कर. मार्कर म्हणजे सभासदांशी खेळणारा, त्यांना शिकवणारा, त्यांना खूश ठेवण्यापुरतं हरणारा पगारी माणूस. नागोजी हसला. महिन्याभरानं जज्जसाहेब काठी टेकत आले, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

पण नागोजीच्या स्वतःच्या पायाबद्दल तिनं त्याला सांगितलं नाही, म्हणून तोच फसला. एकोणतीस सालच्या डिसेंबरात त्याच्या उजव्या पावलाचा ठसा बदलला. चवडा खोल उमटायचा आणि टाच उमटायचीच नाही. शेवटी शेवटी तर पाऊल बाहेरच्या बाजूला वळायला लागलं. बाळाबाईला वाटलं, नवीन बूट असतील. ती रोज त्या ठशावरून हात फिरवून पुढं सरकायची. मग एका संध्याकाळी पुढं पडलेल्या चेंडूवर नागोजी झेपावला आणि 'कट्ट' असा आवाज झाला. रॅकेटीची तात तुटली असं सगळ्यांना वाटलं. नागोजी गर्रकन मागं वळून ओरडला, "कोन रं लाथ मारली?" मागं कुणीच नव्हतं. मग तो खाली बसला तो उठला नाही. टाचेच्या वरची जाड शीर, धोंडशीर म्हणतात ती, तुटली होती. चार महिने खाटेवर गेले आणि पुढचा सगळा जन्म पाय ओढत. क्लबानं त्याला रॅकेटींच्या ताती ओढायच्या कामावर ठेवलं, एवढं बरं.

"मला दिसत हुतं," बाळाबाई त्याच्या खाटेशी बसून म्हणाली. "दिसत हुतं आनि मी सारवून टाकलं."

नागोजी तिला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच्या जागी चार-पाच वर्षांनी रवळू आला. चोवीस वर्षांचा, कंग्राळीच्या तालमीत घडलेला, हात असा भारी की चेंडू पलीकडच्या कुंपणावर जाऊन आदळायचा. तालमीचे वस्ताद जिनाप्पा, मूळचे निपाणीकडचे जैन, शब्दाचे करडे आणि मनाचे सरळ. त्यांचा नेम रोज हजार बैठकांचा. तालमीतली बैठक चवड्यावर मारायची, टाच उचललेली. कुस्तीला ते ठीकच आहे. पण रवळू पहाटे हजार बैठका मारायचा आणि संध्याकाळी तीन तास टणक जमिनीवर उड्या.

नागोजीनं खाटेवर पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला होता. तो रवळूला सांगायचा, "अरे, साहेब मोटारीतनं उतरायचा, मी झाडाखालनं उठायचो, आनि थंड्या अंगानं पयलाच चेंडू जोरात मारायचो. घोड्यालाबी आधी चालवत्यात रं." मग त्यानं रवळूला आपली रीत लावली. आधी कोर्टाभोवती दोन फेऱ्या, सावकाश. मग क्लबाच्या पायरीवर चवडा ठेवायचा, टाच खाली सोडायची आणि तीस मोजायचे. खेळ झाल्यावर घामेजल्या अंगानं दगडावर बसायचं नाही, चालत राहायचं. रात्री पोटरीला कोमट तेल, अंगठ्यानं खालून वर. आणि आठवड्यातनं दोन दिवस बैठका बंद. दोन महिन्यांत रवळूचा ठसा असा भरला की बाळाबाई सकाळी त्याच्यावरून हात फिरवताना गाणं म्हणायची.

वस्तादांना हे कळलं तेव्हा ते फक्त एवढं म्हणाले, "लंगड्याकडनं पळायला शिकतोस व्हय रं?" तालीमभर हशा झाला. रवळू त्या हशानं खाली मान घालून घरी आला. तरुण माणसाला दुखण्यापेक्षा हसणं जास्त लागतं, आणि तिथंच सगळं बिघडतं.

पस्तीस सालच्या फेब्रुवारीत बातमी आली. एका संस्थानिकाला दरबारी टेनिस शिकवायला माणूस हवा होता. बेळगावच्या आणि धारवाडच्या मार्करांचा सामना लावायचा, जिंकेल तो दरबारात जाईल, राहायला घर मिळेल, असं ठरलं. धारवाडचा मार्कर यल्लाप्पा, उंच, शांत, डावखुरा. रवळूचं नुकतंच जांबोटीच्या मुलीशी लग्न झालं होतं. त्याला ते दरबारचं घर दिवसाढवळ्या दिसायला लागलं. तो वस्तादांकडं गेला. हजाराच्या दीड हजार बैठका झाल्या. पायरीवरची टाच सुटली, फेऱ्या सुटल्या, तेल सुटलं.

सामन्याला दहा दिवस असताना बाळाबाईला त्याच्या उजव्या टाचेचा ठसा पुसट दिसला. पाच दिवस असताना तो दिसलाच नाही. या खेपेला तिनं त्यावर हात फिरवला नाही. त्याला हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"रवळू, टाच टेकत न्हाय तुझी."

"टाच टेकून कोन खेळतंय आक्का? चवड्यावरच खेळायचं असतंय."

"खेळताना न्हवं रं. ह्ये बघ, हितं तू चेंडू उचलाया चालत गेलतास. चालतानाबी टेकत न्हाय."

तिनं खाली बसून त्याची धोंडशीर चिमटीत धरली. ती सुजून बोटाएवढी जाड झाली होती, गरम होती आणि दाबली की करकरत होती. रवळूनं ओठ आवळले, पण पाय झटक्यानं मागं घेतला.

"सामना झाला की म्हयनाभर झोपतो. आता काय बोलू नगंस," तो म्हणाला.

त्याच दुपारी वस्तादांनी त्याच्या टाचेला बिब्बा घातला. बिब्बा तापवून त्याचं तेल कातडीवर लावलं की कातडी पोळते आणि आतलं दुखणं मरतं, असा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. दुसऱ्या दिवशी रवळू नाचतच आला. "बघ आक्का, दुखतच न्हाय!" त्याला थांब म्हणणारं एक दुखणंच उरलं होतं, आणि त्याचंही तोंड या लोकांनी जाळून बंद केलं होतं. वस्तादांच्या मनात वाईट नव्हतं हो. त्यांचं रवळूवर पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. म्हणूनच तर त्यांच्याशी भांडता येईना.

ती क्लबाच्या सेक्रेटरींकडं गेली. ते वकील. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "बाळाबाई, रवळू म्हणतो दुखत नाही. त्याचा वस्ताद म्हणतो दुखत नाही. आणि तू पावलं बघून सांगतेस? ज्योतिष सांगायला कधीपासून लागलीस?"

"नागोजीच्या टायमाला दिसलं हुतं, साहेब."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

ती निघून आली.

सामन्याच्या दिवशी पहाटे ती एकटीच कोर्टावर होती. दोन घागरी भरून शेजारी होत्या. मनात आलं, आजचा शेणमातीचा काला पातळ करावा, आणखी दोन घागरी ओताव्यात, संध्याकाळपर्यंत वाळणार नाही, सामना पुढं ढकलतील. कुणाला कळणारही नाही. घागर तिनं उचललीसुद्धा. मग तिला धारवाडचा यल्लाप्पा आठवला. ओल्या शेणावर पहिला घसरेल तो कदाचित तोच असेल, आणि त्यालाही धारवाडात कुणीतरी आक्का असेल. तिनं घागर खाली ठेवली आणि आयुष्यात सारवलं नव्हतं इतकं सुरेख कोर्ट सारवलं. सारवताना ती रडत होती.

चार वाजता खेळ सुरू झाला. सभासद, त्यांच्या बायका, तालमीतली पोरं, कुंपणाला लोंबकळणारा सगळा कॅम्प. बाळाबाई मागच्या कडेला बादली घेऊन बसली होती. दोन-दोन डावांनी खेळाडू बाजू बदलायचे तेवढ्यात आत जायचं, पडलेले खड्डे ओल्या काल्यानं बुजवायचे आणि पंचानं हाक मारायच्या आत बाहेर यायचं, हे तिचं काम. म्हणजे आज प्रत्येक खेपेला भावाच्या पावलांशेजारी तिला गुडघे टेकायचे होते.

पहिला सेट रवळूनं सहा-तीन मारला. लोक नाचले. बाळाबाईनं आत जाऊन पाहिलं. चवडे खोल, डावी टाच आहे, उजवी नाही. दुसरा सेट यल्लाप्पानं सहा-चार घेतला. तो चेंडू मुद्दाम आखूड टाकत होता आणि रवळूला पुढं झेपावायला लावत होता. आता चवड्याच्या मागं एक बारीक ओरखडा उमटत होता. पाय उचलला जात नव्हता. तिसऱ्या सेटात दोघं चार-चार. मग रवळूनं यल्लाप्पाची सर्व्हिस तोडली. पाच-चार. बाजू बदलायची, आणि आता सर्व्हिस रवळूची. चार चेंडू जिंकले की दरबार.

बाळाबाई बादली घेऊन त्यानं सोडलेल्या जागी गेली. तो जिथं नुसता उभा राहत होता, चेंडूची वाट बघत, तिथंसुद्धा उजव्या टाचेची खूण नव्हती. आणि पाऊल बाहेर वळलं होतं. असं पाऊल तिनं या आधी एकदाच पाहिलं होतं.

ती उठली आणि बाहेर जायच्या ऐवजी जाळ्याला वळसा घालून पलीकडं गेली. रवळू जिथून सर्व्हिस करणार होता, त्या चुन्याच्या रेघेवर बसली आणि बादलीतला काला भसकन ओतून सारवायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पंच वरून म्हणाले, "बाळाबाई, पुरे. ऊठ."

"उठत न्हाय."

आधी लोकांना वाटलं, ऐकू आलं नसेल. मग सेक्रेटरी धावत आले. "वेडी झालीस का? दरबारची माणसं बसली आहेत!"

"हितनं त्यो उडी मारनार आनि त्याचा पाय जानार. खेळायचं आसंल तर माझ्या अंगावरनं खेळा." ती बोलत होती आणि तिचा हात फिरतच होता.

रवळू तिच्याजवळ आला, वाकला. घाम तिच्या हातावर टपटपत होता. "आक्का, ऊठ. पाया पडतो तुझ्या."

"पाया पडू नगंस. त्योच पाय वाचवाया बसलेय मी."

"चार चेंडू हायत गं. नुसतं चार."

"नागोजीचा एकच हुता."

यल्लाप्पा भला माणूस. तो म्हणाला, वाळेपर्यंत थांबू. पण ऊन उतरलं होतं आणि ओलं शेण सकाळशिवाय वाळणार नव्हतं. पंचांनी नियमाचं पुस्तक चाळलं. यजमान क्लबाच्या माणसानं खेळ अडवला, म्हणून सामना धारवाडला. तालमीतली पोरं बाळाबाईवर धावून आली, वस्तादांनी त्यांना अडवलं. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर रवळूला विचारलं, "ही तुझी बहीण ना?"

रवळू म्हणाला, "ही माझी कोन न्हाय."

बाळाबाईचा हात तेव्हा थांबला.

तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. रवळूनं रॅकेट परत दिली आणि बायकोला घेऊन सासरवाडीला, वीसेक मैलांवरच्या जांबोटीला, भातशेती करायला गेला. सहा महिने तो कुठंच पळाला नाही, उडी मारली नाही, चिखलात सावकाश चालत राहिला. शीर आपोआप निवळली. आणि मग लोकांच्या हातात कोलीत मिळालं. "बाळाबाई, तुटायची शीर कुठाय गं? तुझा भाऊ तर नांगर धरतोय!" बाजारात, विहिरीवर, लग्नात. मोडलेल्या पायाला गावभर साक्षीदार असतात. न मोडलेल्या पायाच्या बाजूनं कोण उभं राहणार? ज्यांनी कधी काही वाचवलं नाही तेच लोक वाचवणाऱ्याकडं पुरावा मागतात, आणि याचा मला संताप येतो.

तिला स्वतःलाही खात्री नव्हती, हे खरं सांगायला हवं. पडल्या पडल्या तिला वाटायचं, कदाचित ते चार चेंडू निभावले असते. कदाचित आज तो दरबारात असता. नागोजी आठवड्यातनं एकदा पाय ओढत कंग्राळीला यायचा आणि तिच्या ओसरीवर बसायचा. "माझ्या येळंला तू बसली असतीस तर मीबी तुला शिव्याच घातल्या असत्या," तो म्हणायचा. एवढाच तिला आधार.

दोन हंगामांत क्लबाच्या कोर्टांवर पापुद्रे सुटले, तीन सभासदांचे पाय मुरगळले, आणि सेक्रेटरींनी निरोप पाठवला. ती गेली. माफी मागितली नाही आणि मागूही दिली नाही. एकच अट घातली. कोर्टाभोवती दोन फेऱ्या मारल्याशिवाय कुणी रॅकेट उचलायची नाही, मग तो जज्ज असो की कर्नल. कुरकुरत का होईना, सगळे फेऱ्या मारायला लागले.

रवळू मात्र आला नाही. राखी पाठवली ती परत आली. भाऊबीजेला निरोप गेला, उत्तर नाही. आठ वर्षं अशी गेली.

त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर, दिवे लागायच्या वेळेला, बाळाबाईच्या दारात एक माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला. तिनं ओळखायच्या आधीच तो बोलायला लागला. आठ वर्षं तोंडात धरलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"त्यो यल्लाप्पा दरबारात हाय अजून. घर हाय, मान हाय. काल एकजन सांगत हुता. आनि माझं ह्या साली भात व्हावून गेलं. चार चेंडू हुतं, आक्का. एक दिस आठवल्याबिगर जात न्हाय. तुझ्यापायी हरलो मी. तेवढंच सांगाया आलोय."

बाळाबाईनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"मोटारीनं आलास?" तिनं विचारलं.

"कुटली मोटार. लढाईपायी पेट्रोल न्हाय म्हनत्यात. पाटंला निघालो."

"व्हय रं, हरलास," ती म्हणाली. "आनि जांबोटीपास्नं हितवर चालत आलास न्हवं, मला सांगाया?"